तटस्थ राहायचं ते कोणी?

३ मार्च २०२४. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला नव्या न्यायालयाच्या इमारतीचं भूमिपूजन होतं. व्यासपीठावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन मराठी न्यायमूर्ती होते, भूषण गवई आणि अभय ओक. ओक बोलायला उभे राहिले आणि भूमिपूजनाच्याच कार्यक्रमात म्हणाले, की न्यायालयांच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा आता थांबायला हवी. त्याऐवजी राज्यघटनेच्या उद्देशिकेची प्रतिमा ठेवावी आणि तिच्यापुढे नतमस्तक व्हावं. कर्नाटकात मुख्य न्यायमूर्ती असताना आपण तसा प्रयत्न केला, पूर्ण यश आलं नाही, पण प्रमाण कमी करता आलं, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. बातमी फिरली, सोशल मीडियावर नेहमीच्या दोन टीम नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि विषय मागे पडला.

त्यानंतर पाच महिन्यांनी, ९ ऑगस्ट २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयात चेंबूरच्या एका कॉलेजचं प्रकरण आलं. कॉलेजने ड्रेसकोड काढला होता. हिजाब, बुरखा, नकाब, टोपी, स्टोल, बॅज, यातलं काहीच कॅम्पसमध्ये चालणार नाही. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली, म्हणून त्या दिल्लीला गेल्या. तिथे न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि संजय कुमार यांनी कॉलेजच्या वकिलांना साधे प्रश्न विचारले. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये हा हेतू असेल, तर नावावरून तो कळत नाही का? मग मुलांना नंबराने हाक मारणार का? कपाळावरचा टिळा, टिकली बंद करणार का? आणि हिजाब, टोपी, बॅज यांवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा मात्र चालणार नाही, आणि कॅम्पसवर धार्मिक कार्यक्रमही नकोत, हेही त्याच आदेशात सांगितलं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लगेच दिसते. आपल्याकडे ‘धर्म सार्वजनिक ठिकाणी आणू नका’ हे वाक्य सर्वात जोरात कोणाला ऐकवलं जातं? एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थिनीला. आणि कोणाला ऐकवलं की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं? सरकारला, खात्याला, कोर्टाला. खरं तर घटनेने हे अगदी उलट सांगितलं आहे. तटस्थ राहायचं ते सत्तेने. माणसाने नव्हे. हा फरक डोक्यात पक्का बसला, तर या विषयावरची कट्ट्यावरची निम्मी भांडणं दहा मिनिटांत मिटतील. उरलेली निम्मी खरोखरच अवघड आहेत, त्यांच्याकडेही येऊच.

आधी शब्दाबद्दल. मराठीत आपण एकाच गोष्टीसाठी तीन-चार शब्द वापरतो आणि मग गोंधळतो. ‘निधर्मी’ म्हटलं की वाटतं, धर्म नसलेला माणूस. हा शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच येतो. ‘सर्वधर्मसमभाव’ म्हटलं की शाळेतला तो फोटो आठवतो, चार मुलं, चार वेगवेगळे पोशाख, हातात हात. घटनेच्या मराठी उद्देशिकेत शब्द आहे ‘धर्मनिरपेक्ष’, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तो आत आला, त्यामुळे तो काढून टाकावा अशी मागणी अधूनमधून होते. २५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका फेटाळल्या. पण तो शब्द १९७६ पूर्वी नव्हता म्हणून काही अडत नव्हतं, कारण खरं काम पहिल्या दिवसापासून २५ ते २८ ही कलमं करत आली आहेत. बोम्मई खटल्यात (१९९४) नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ गाभ्याचा भाग असल्याचं म्हटलं, तेही त्या एका शब्दावर विसंबून नव्हे.

आता नीट बघा. उद्देशिका ‘धर्मनिरपेक्ष’ कोणाला म्हणते? गणराज्याला. तुम्हाला, मला नाही. कलम २५ तर नागरिकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा, अगदी त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. मर्यादा आहेत सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात शिखांना कृपाण धारण करण्याचा आणि सोबत बाळगण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. कृपाण! म्हणजे दिसेल असं धर्मचिन्ह अंगावर असणं हे घटनाकारांना खटकलं नव्हतं. उलट त्यांनी ते मुद्दाम लिहून ठेवलं.

वर्गातला बाक

उडुपीचं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाहिलं असेल. २०२१ च्या अखेरीला तिथल्या एका सरकारी पीयू कॉलेजमध्ये (म्हणजे आपलं अकरावी-बारावी) हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसू दिलं नाही. मग उत्तर म्हणून काही मुलं भगव्या शाली घालून आली, बघता बघता राज्यभर लोण पसरलं, कॉलेजं बंद ठेवावी लागली. ५ फेब्रुवारी २०२२ ला तेव्हाच्या भाजप सरकारने गणवेशाचा आदेश काढला. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, असं कारण दिलं. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं दोन बाजूंना मत पडलं.

‘अत्यावश्यक भाग’ ही कसोटी मला स्वतःला विचित्र वाटते. तिच्यामुळे न्यायाधीशाला पंडित किंवा मौलवी व्हावं लागतं. कुठलं वचन काय म्हणतं, कुठल्या भाष्यकाराने काय लिहिलं, याचा काथ्याकूट कोर्टात होतो आणि ज्या मुलीचा वर्ग चुकतोय ती बाहेर उभीच राहते. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी नेमकं हेच बाजूला सारलं. प्रश्न धर्मग्रंथाचा नाही, त्या मुलीच्या निवडीचा आणि तिच्या शिक्षणाचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांचं मत वेगळं होतं. सरकारी शाळेत गणवेश सगळ्यांना समान पातळीवर आणतो आणि तिथे धर्मचिन्हांना अपवाद नको.

गुप्तांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गणवेशामागे खरोखर एक चांगली कल्पना आहे. बंगल्यातली मुलगी आणि झोपडपट्टीतली मुलगी एकाच कापडात बसली की काही काळ तरी फरक पुसला जातो. दुसरा मुद्दा याहून टोकदार आहे. हिजाब ही तिची निवडच आहे कशावरून? घरून, मोहल्ल्यातून दबाव नसतो का? असतो. नाही कोण म्हणतं? शर्टाच्या बाह्या किती लांब असाव्यात यावरून दबाव सोसणाऱ्या मुली सगळ्याच धर्मांत आहेत, आणि तुमच्या वर्गातही असतील. पण उपाय काय करायचा याचा विचार करा. घरी दबाव आहे म्हणून कॉलेजने गेटवर अडवलं, तर ती मुलगी जाणार कुठे? त्याच घरी. दबाव झुगारायची ताकद तिला जिथून मिळाली असती, तो वर्गच आपण तिच्यासाठी बंद करतो.

त्याच २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इराणमध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. हिजाब ‘नीट’ घातला नाही, हा तिचा गुन्हा होता. तेव्हा आपल्याकडे अनेकांनी लिहिलं, बघा, तिकडे मुली हिजाब जाळताहेत आणि इकडे हिजाबसाठी भांडताहेत. विरोधाभास वाटतो, पण नाही. तेहरानमध्ये सरकार म्हणत होतं घाल, इकडे सरकार म्हणत होतं काढ. दोन्हीकडच्या मुली एकच गोष्ट सांगत होत्या, माझ्या डोक्यावर काय असावं हे सरकारने ठरवू नये.

आणि हा फक्त मुसलमान मुलींचा प्रश्न आहे असं वाटत असेल, तर एप्रिल २०२५ आठवा. कर्नाटकातच सीईटीच्या केंद्रांवर काही विद्यार्थ्यांना जानवं काढायला सांगितलं. बीदरमध्ये एका मुलाने नकार दिला आणि त्याचा गणिताचा पेपर बुडाला. राज्यात संताप उसळला, संबंधितांवर कारवाई झाली, सरकारनेही असा कुठला नियमच नसल्याचं सांगितलं. प्रकरण गणवेशाचं नव्हतं, परीक्षेच्या झडतीचं होतं, हे खरं. पण गंमत बघा, २०२२ मध्ये ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारे बरेच आवाज यावेळी श्रद्धेचं बोलत होते. जानव्याच्या दोऱ्यात कॉपीची चिठ्ठी लपत नाही. ती श्रद्धा आहे, ती त्या मुलाच्या अंगावर आहे, कुणाला त्रास नाही, पेपर लिहू द्या. अगदी बरोबर. हेच वाक्य ‘जानवं’ खोडून ‘हिजाब’ लिहून वाचून बघा. अडखळायला झालं, तर कुठे अडखळलो ते आपलं आपल्याला कळतं.

न्यायालयाने याहून अवघड परीक्षा १९८६ मध्येच दिली होती. केरळमधल्या एका शाळेत तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. ती ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाची होती आणि त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेने त्यांना काढून टाकलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती चिन्नाप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांना परत घ्यायला सांगितलं. ती उभी राहतात, कुणाचा अपमान करत नाहीत, न गाणं हा गुन्हा नाही. राष्ट्रगीतासारख्या हळव्या विषयात जे जमलं, ते ओढणीभर कापडाच्या बाबतीत का जड जावं?

फ्रान्सचं उदाहरण देण्याआधी

या वादात कुणीतरी फ्रान्स काढतोच. ‘तिकडे बघा, खरी धर्मनिरपेक्षता.’ तर बघूया. १९०५ च्या कायद्याने फ्रान्सने चर्च आणि राज्य वेगळं केलं. प्रजासत्ताक कुठल्याही धर्माला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. म्हणजे सुरुवात सरकारने स्वतःचे हात बांधून केली. मुलांच्या पोशाखाचा कायदा त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २००४ मध्ये आला, आणि तो सरकारी शाळांपुरता आहे. विद्यापीठांना तो लागू नाही. सोर्बोनमध्ये हिजाब घालून लेक्चरला बसता येतं. हे वाक्य तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघा, पाच मिनिटं शांतता मिळेल. शिवाय अल्सास-मोझेल भागात आजही पाद्री, रब्बी यांचे पगार सरकार देतं, कारण १९०५ मध्ये तो भाग जर्मनीकडे होता. आदर्श म्हणून जो देश दाखवला जातो, त्याच्याही भिंतीला खिडक्या आहेत.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने २०१९ मध्ये कायदा केला, पण तो विद्यार्थ्यांसाठी नाही. न्यायाधीश, पोलीस, सरकारी शाळांतले शिक्षक अशा अधिकार हाती असणाऱ्यांनी कामावर धर्मचिन्हं घालू नयेत असं तो म्हणतो. मला तोही फार कडक वाटतो. शिक्षिकेच्या डोक्यावरच्या कापडाने तिचं गणित बिघडत नाही. पण निदान त्यामागचा विचार योग्य माणसाकडे बोट दाखवतो, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे. याच क्वेबेकच्या विधानसभेत अध्यक्षांच्या आसनावर १९३६ पासून क्रूस लटकत होता. कायद्यावरून चर्चा तापली तेव्हा लोकांनी विचारलंच, की शिक्षिकेने गळ्यातला क्रूस काढायचा आणि सभागृहातला मात्र तसाच? शेवटी जुलै २०१९ मध्ये तो उतरवला गेला.

आता सरकारची पाळी

आपल्या विधानसभेत, मंत्रालयात, तहसील कचेरीत, पोलीस ठाण्यात काय चित्र असतं ते वेगळं सांगायला नको. दसऱ्याला पोलीस ठाण्यात शस्त्रपूजन होतं, कॉम्प्युटरला हळदकुंकू लागतं, कुठे वर्षाचा सत्यनारायण असतो, पुलाच्या कामाचा नारळ फुटतो. यातला प्रत्येक माणूस वाईट हेतूने हे करतो असं अजिबात नाही. बहुतेकांना तो धर्म वाटतच नाही, ‘पद्धत’ वाटते. आणि अडचण तिथेच आहे.

बहुसंख्यांचा धर्म संस्कृतीसारखा दिसतो आणि अल्पसंख्यांची संस्कृती धर्मासारखी दिसते. हे फक्त आपल्याकडे नाही. इटलीच्या सरकारी शाळांत वर्गात क्रूस असतो. एका आईने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा तो आमच्या संस्कृतीचा भाग आहे असंच इटलीचं सरकार म्हणालं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये त्या आईच्या बाजूने आणि २०११ मध्ये मोठ्या पीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाला एका नागरिकाने आव्हान दिलं, तर २०११ मध्ये ती याचिका फेटाळून वर वीस हजारांचा दंड ठोठावला गेला. म्हणून मोशीत ओक जे बोलले त्याचं मोल जास्त. कोर्टाच्या भूमिपूजनावर बोट ठेवल्याबद्दल एकाला दंड भरावा लागला होता, आणि इथे न्यायमूर्तीच भूमिपूजनाच्या मांडवात उभं राहून तेच म्हणत होते.

अर्थात संस्कृती आणि धर्म यांच्यामधली रेघ काढणं खरंच सोपं नाही. २०१५ मध्ये केरळच्या शिक्षणमंत्र्यांनी एका कार्यक्रमात समई लावायला नकार दिला, ते आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून. त्याच व्यासपीठावर अभिनेता मम्मुट्टी होते, तेही मुसलमान. त्यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली, दिवा सगळ्यांचाच आहे असा त्यांचा सूर होता. दोघांपैकी कोण बरोबर? मला विचाराल तर दोघंही. मम्मुट्टींना दिवा आपला वाटतो, आनंद आहे. मंत्र्यांना वाटत नाही, त्यांना भाग पाडू नये. भाग पाडणं सुरू झालं की समईची पणती उरत नाही, तिची हजेरी होते.

सरकार आणि श्रद्धा वेगळी कशी ठेवायची याचा सर्वात चांगला धडा मला तरी गांधींकडे मिळतो. त्यांच्याइतकी उघड धार्मिक वागणूक असलेला दुसरा नेता शोधून सापडणार नाही. रोज संध्याकाळी जाहीर प्रार्थनासभा, तोंडी रामनाम. त्या सभेत कुराणातल्या आयतीही म्हटल्या जायच्या. १९४७ मध्ये दिल्लीत त्याला कुणी हरकत घेतली, तर तेवढाच भाग गाळून पुढे जायला ते तयार नसत. काही वेळा त्यांनी अख्खी प्रार्थनाच रद्द केली. आणि त्याच वर्षी सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी सरदार पटेलांना विचारलं, की यासाठी सरकारी तिजोरीतला पैसा कसा वापरता येईल? लोकांना मंदिर हवं असेल तर लोकांनी वर्गणी काढावी. पटेलांनी ते मान्य केलं, ट्रस्ट झाला, देणग्यांतून मंदिर उभं राहिलं. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद तिथल्या प्राणप्रतिष्ठेला गेले, तेव्हा नेहरूंनी आक्षेप घेतला होता. ते आपल्या श्रद्धेचे पक्के होते, हे आपल्या तत्त्वाचे. वाद दोघांमध्ये झाला, पत्रांतून झाला, पण निदान तेव्हा प्रश्न विचारला जात होता, की राष्ट्रपती जातात ते माणूस म्हणून की पद म्हणून?

हा प्रश्न आता विचारणंच बंद झालंय. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली, पंतप्रधान मुख्य विधीला बसले. महाराष्ट्र सरकारने त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. याविरुद्ध उच्च न्यायालयात कोण गेलं माहितीये? कायदा शिकणारे चार विद्यार्थी. तुमच्याच वयाचे. २१ तारखेला, रविवारी, खास सुनावणी झाली. सुट्टी देणं हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे, म्हणत न्यायालयाने याचिका फेटाळली आणि ती राजकीय हेतूने केल्याचं मत नोंदवलं. ईद, नाताळ, महावीर जयंतीलाही सुट्टी असतेच, हा सरकारचा मुद्दा कायद्यात टिकला. पण वर्षानुवर्षांच्या सणाची सुट्टी आणि एका मंदिराच्या एका सोहळ्याची सुट्टी यात काहीच फरक नाही का, हा त्या चौघांचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घरी गणपतीच्या आरतीला पंतप्रधान गेले आणि व्हिडिओ देशभर फिरला. घरचा गणपती, घरची आरती. सरन्यायाधीशाने गणपती बसवू नये असं कुणीच म्हणणार नाही. पण कॅमेरा आत आला आणि घरचं देवघर सार्वजनिक झालं. आक्षेप आरतीला नव्हता, आरतीच्या ताटाला दोन सत्ता एकत्र हात लावताना दिसल्या, त्याला होता. (मोदींच्या डोक्यावर त्या दिवशी मराठी पद्धतीची टोपी होती आणि महाराष्ट्रात निवडणूक जवळ आली होती, हा योगायोग ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घ्यावा.)

रस्ता कोणाचा?

वर्गातली विद्यार्थिनी म्हणजे नागरिक आणि तहसील कचेरी म्हणजे सरकार, इतपत सोपं आहे. रस्ता मात्र या दोन्हींच्या मधला. इथे ते अवघड निम्मं सुरू होतं.

वारी घ्या. लाखो माणसं पालख्यांबरोबर चालतात, पुण्यात रस्ते बंद होतात, ऑफिसला उशीर होतो, आणि तरी पुणेकर बिस्किटांचे पुडे घेऊन उभा असतो. याला धर्मनिरपेक्षतेचा भंग म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही आणि भेटू नये. उलट पंढरपूरचं एक उदाहरण तर सरकार आणि देव यांच्यात पूर्ण भिंत का चालणार नाही ते सांगतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. पुढे घटनेच्या कलम २५ मध्येच लिहिलं गेलं, की हिंदूंच्या सार्वजनिक धर्मस्थळांची दारं सर्व हिंदूंना उघडण्यासाठी सरकार कायदा करू शकतं. म्हणजे आपलं राज्य धर्मात पडतं, पण माणसाची बाजू घ्यायला.

मग रस्त्यावर नियम काय? एकच. वारीला जो समजूतदारपणा, तोच मोहरमच्या मिरवणुकीला, तोच आंबेडकर जयंतीला, तोच शुक्रवारच्या नमाजाला. २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये ठरवून दिलेल्या मोकळ्या जागांवरही नमाज पढणाऱ्यांना विरोध झाला आणि उघड्यावरचा नमाज खपवून घेतला जाणार नाही, असं मुख्यमंत्रीच म्हणाले. शेजारच्या उत्तर प्रदेशात कावडयात्रेवर सरकारी हेलिकॉप्टरमधून फुलं पडतात. रहदारीची अडचण दोन्हीकडे सारखीच, वागणूक मात्र सारखी नाही. रस्त्यावर प्रार्थना नकोच, असा सरसकट नियम कुणी केला तर मी वाद घालीन, पण त्याला पक्षपाती म्हणणार नाही.

भोंग्यांचंही तसंच. आवाजाचे नियम २००० पासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २०१६ मध्ये ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिक्षेपक वापरणं हा धर्माचा हक्क नाही आणि रस्ता अडवून मांडव घालणं हाही नाही. निकाल देणाऱ्यांत होते हेच न्यायमूर्ती अभय ओक. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं, यावेळी मशिदींच्या भोंग्यांबद्दल. दोन्ही निकाल वाचले तर कळतं, की कायद्याला अजानही ओळखू येत नाही आणि डीजेही. त्याला फक्त डेसिबल कळतात. २०२२ मध्ये भोंग्यांवरून जे राजकारण पेटलं, त्यातला नियम बरोबरच होता. पण बोट एकाच भोंग्याकडे होतं, आणि भाद्रपदात मंडपाच्या भिंतीसमोर मोजणीचं यंत्र घेऊन उभे राहायला त्यातलं कुणी आलं नाही.

तुमच्या कॉलेजचं काय? कलम २८(३) नावाची एक छोटीशी तरतूद आहे, नोट्समध्ये एका ओळीत उरकतात. सरकारने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती लागते. याचा अर्थ कॉलेजात सरस्वतीपूजन होऊच नये असा नाही. खासगी अनुदानित संस्थेला ते करता येतं. पण त्या पूजेला हजेरी लावली जात असेल, न येणाऱ्याचे इंटर्नलचे मार्क टांगणीला लागत असतील, कुणी कोपऱ्यात उभं राहिलं म्हणून सर सगळ्यांसमोर नाव घेत असतील, तर ते घटनेत बसत नाही. स्टुडंट कौन्सिलच्या पहिल्या मीटिंगमध्ये विचारून बघा, ट्रॅडिशनल डेला नऊवारी, फेटा चालतो, त्या दिवशी सगळे कौतुक करतात, फोटो कॉलेजच्या इन्स्टावर जातात. मग बाकीच्या दिवशी एखादीच्या डोक्यावरचं कापड किंवा एखाद्याच्या कपाळावरचं गंध दिसलं, की प्रश्न नेमका कोणाला पडतो?